मापात पाप आणि पोरांची प्रत



कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राबाहेर रात्र काढलेल्या माणसाला माप म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन बोटांत धागा ओढून पाहायचा आणि अख्ख्या गाडीची प्रत सांगून मोकळा व्हायचा. आता सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजायचे यंत्र असते. आठ टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर गेला की गाडी माघारी. तोच कापूस पहाटेच्या दवात मोजला तर एक आकडा, दुपारच्या उन्हात मोजला तर दुसरा. पण वहीत जो चढला तोच खरा, आणि त्याच आकड्यावर आपल्या मालाला नाव पडते.

कापसाचे नुकसान एका हंगामाचे असते. सोसून, कर्ज काढून, पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. पण असेच चुकीचे माप आठ वर्षांच्या पोराला लावले, त्याची प्रत ठरवली आणि शाळेच्या वहीत लिहून टाकली तर? त्या पोराचा हंगाम पुन्हा येत नाही.

कामासाठी मुलूख सोडून गेलेल्या कुटुंबांची मुले परक्या भाषेच्या शाळेत बसतात आणि तिथे त्यांचे माप काढले जाते. त्यात दोन तऱ्हेचे घोटाळे होतात. धडधाकट डोक्याचे पोर ‘मंद’ ठरून वेगळ्या वर्गात जाते. आणि ज्याला खरोखरच विशेष शिक्षणाची गरज आहे, ते ‘भाषा येत नाही म्हणून मागे आहे’ असे म्हणत मागच्या बाकावर तसेच राहून जाते. यातल्या पहिल्या घोटाळ्याचा सगळ्यात बोलका दाखला शेतमजुरांच्या पोरांचाच आहे. तो आधी सांगतो, मग आपल्या रानाकडे येतो.

सोलेदादची मुले

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया राज्यात मॉन्टेरे नावाचा जिल्हा आहे. सॅलिनास नदीचे खोरे तिथलेच. मुलूख बागायती. कच्च्या खायच्या पालेभाजीचे, लेट्यूसचे, मैलोनमैल मळे. मळे कंपन्यांचे आणि बड्या मालकांचे, राबणारे हात मेक्सिकोतून आलेले. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेच्या सरकारने मेक्सिकोशी करार करून शेतमजूर आणवले होते. त्या योजनेला ‘ब्रासेरो’ म्हणत. योजना बंद झाली, पण काम आणि कामाची माणसे राहिली. बायकापोरे आली. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी.

या मजुरांच्या हातात निंदणीसाठी जे अवजार दिले जायचे त्याचा दांडा फूटभर लांबीचा. आखूड म्हणून त्याचे नावच ‘एल कोर्तितो’ पडले होते. लांब दांडा दिला असता तर उभ्याने काम झाले असते. पण आखूड दांडा असला की माणूस दिवसभर कमरेत मोडलेला राहतो आणि कुणी कंबर सरळ केली की मुकादमाला ते बांधावरूनच दिसते. हजारो माणसांच्या पाठी यात कामातून गेल्या. १९६६ साली ग्रामीण गरिबांना फुकट कायदेमदत देण्यासाठी ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ ही संस्था निघाली होती. तिच्या वकिलांनी हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९७५ साली ते अवजार कायद्याने बंद झाले.

याच वकिलांनी त्याआधी, १९७० साली, आणखी एक खटला लावला होता. तो पाठीचा नव्हता, डोक्याचा होता. ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ या नावाने तो ओळखला जातो. सोलेदाद गावच्या आसपासची, मेक्सिकन कुटुंबांतली नऊ मुले, वये आठ ते तेरा. शाळेने त्यांची बुद्धिमापन कसोटी घेतली ती इंग्रजीत. आकडे कमी आले. तेव्हाच्या भाषेत ‘शिकवता येण्याजोगे मतिमंद’ असा शिक्का मारून त्यांना वेगळ्या वर्गात बसवले. तिथला अभ्यास मुळातच कमी. त्यामुळे जितकी वर्षे पोर तिथे राहील तितके ते मूळ वर्गापासून लांब जाणार. आधी शिक्का खोटा असतो, काही वर्षांनी तो खरा दिसायला लागतो.

वकिलांनी काय केले? फार मोठी विद्या लावली नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडून त्याच मुलांची तपासणी पुन्हा करवली आणि त्यांना स्पॅनिशमध्ये उत्तरे देऊ दिली. नवांपैकी सात मुले त्या ‘मंद’ म्हणायच्या रेषेच्या वर निघाली. सरासरी पंधरा गुणांची वाढ झाली. एका मुलाचा आकडा तर एकोणपन्नासने वर गेला. पोरे तीच, डोकी तीच. फक्त काटा त्यांच्या भाषेत बोलायला लागला.

ही गोष्ट नऊ पोरांपुरती नव्हती. राज्यभरातल्या अशा वर्गांत स्पॅनिश आडनावांच्या मुलांचा वाटा एकूण शाळांतल्या त्यांच्या वाट्याच्या जवळपास दुप्पट होता. एखाद्या केंद्रावर एकाच तालुक्याचा कापूस रोज खालच्या प्रतीत जायला लागला, तर आपण काय म्हणू? जमीन तपासायच्या आधी ग्रेडर तपासा म्हणू. न्यायालयासमोर तेच म्हटले गेले. खटला तडजोडीने मिटला. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेतही व्हावी, निव्वळ इंग्रजी शब्दांवर बुद्धी मोजू नये, आणि अशा वर्गांत आधीच बसवलेल्या मेक्सिकन व चिनी मुलांची फेरतपासणी व्हावी, असे ठरले.

काटा कुणी बनवला?

हा बुद्धीचा काटा आला कुठून? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी तो तयार केला. हेतू साधा होता. वर्गात मागे पडणारे मूल कोणते ते ओळखावे आणि त्याला जास्तीची मदत द्यावी. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारा आकडा, असे बिने मानत नव्हते. शिकवले तर ती वाढते असेच त्यांचे म्हणणे होते.

तोच काटा अमेरिकेत गेला आणि त्याचा हेतू फिरला. हेन्री गोडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या गरीब प्रवाशांवर तो वापरला. समुद्रप्रवासाने थकलेली माणसे, अनोळखी मुलूख, मधे दुभाषी, आणि प्रश्न असे की ज्यांनी कधी शाळाच पाहिली नाही त्यांना ते समजावेत कसे? १९१७ साली त्याने आकडे छापले. तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचातले चार कमी बुद्धीचे! आकडा इतका अचाट निघाला तर शहाण्या माणसाने आधी काट्यावर संशय घ्यावा. पण आपला काटा चुकतो हे तराजूवाल्याने आपण होऊन कबूल केल्याचे कुणी ऐकले आहे का?

इंग्लंडमध्येही हेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून कामासाठी माणसे आली. त्यांची पोरे इंग्रजीच बोलत, पण बेटावरची इंग्रजी. त्यातली फार मोठ्या संख्येने ‘शैक्षणिकदृष्ट्या कमी’ म्हणवल्या जाणाऱ्या खास शाळांत गेली. बर्नार्ड कोर्ड या ग्रेनडाच्या शिक्षकाने अशा शाळांत स्वतः शिकवले होते. त्याने १९७१ साली त्यावर पुस्तिका काढली आणि आईबापांच्या सभांतून ती हातोहात गेली. आपले पोर ‘खास’ शाळेत घेतले म्हणजे चांगल्या शाळेत घेतले, असे कित्येक आईबापांना तोवर वाटत होते. शब्दाचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

ही फसगत आपल्याला परकी नाही. सोसायटीच्या कागदावर, बँकेच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणारी पिढी आपल्या घराघरांत होऊन गेली आहे.

दुसरा घोटाळा

आता कुणी म्हणेल, मग ही विशेष शिक्षणाची भानगडच बंद करा, सगळी पोरे एका वर्गात बसवा. असे म्हणणे म्हणजे काटा खोटा निघाला म्हणून मापच मोडून टाकणे. त्यात नुकसान पुन्हा गरिबाच्याच पोराचे.

काही मुलांना कमी ऐकू येते. काहींना फळा धूसर दिसतो. काहींची समज खरोखर सावकाश वाढते. काहींची बुद्धी तल्लख असते, पण अक्षरे डोळ्यांपुढे जुळत नाहीत. अशा मुलाला वेळेवर योग्य शिक्षक, श्रवणयंत्र, वेगळी पद्धत मिळाली तर ते आपल्या पायावर उभे राहते. परमुलखातून आलेल्या मुलाच्या बाबतीत हे फार उशिरा कळते. मास्तर म्हणतात, ‘आधी भाषा येऊ द्या, मग पाहू.’ वर्ष जाते, दोन वर्षे जातात, कुटुंब पुढच्या गावाला जाते आणि मागच्या शाळेचा कागद मागच्या कपाटात राहतो.

भाषेची अडचण कोणती आणि खरी अडचण कोणती, हे ओळखायची मुख्य खूण एकच आहे आणि ती आईला सगळ्यात आधी दिसते. खरी अडचण घरच्या भाषेतही दिसते. पोर आजीजवळ बसून घडाघडा गोष्ट सांगते, दुकानातून तीन जिनसा आणायला सांगितल्या तर तिन्ही आणते, खेळात डाव लढवते आणि शाळेत मात्र गप्प बसते. तर त्याच्या डोक्यात खोट नाही, त्याला वर्गाची भाषा यायची आहे. पण भावंडांच्या मानाने ते फार उशिरा बोलले असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, घरच्या भाषेतही साधे सांगणे त्याला उमजत नसेल. तर वाट पाहू नका, तपासणी करून घ्या. सगळ्यात आधी कान आणि डोळे.

आणि एक खुळचट सल्ला ऐकू नका. ‘घरी तुमची भाषा बोलणे बंद करा, म्हणजे पोर सुधारेल,’ असे आईबापांना सांगितले जाते. दोन भाषा कानावर पडल्याने कुठलेही मूल मंद होत नाही. घरची भाषा तोडली तर पोराचे आईशी बोलणे मात्र तुटते.

कायद्यात काय आले?

सोलेदादच्या मुलांचा खटला वाया गेला नाही. १९७५ साली अमेरिकेच्या संसदेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करायचे तत्त्व त्यात बसवले. केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला अपंग ठरवता येत नाही, हेही पुढे त्या कायद्यात आले. एकाच कसोटीवर निकाल लावायचा नाही. आईबापांच्या लेखी संमतीवाचून पहिली तपासणी करायची नाही. त्यांना कागद त्यांना समजेल अशा भाषेत द्यायचा आणि बैठकीला गरज पडेल तर दुभाषी बसवायचा. मूल गाव बदलून गेले तर नव्या शाळेने आधीच्यासारखीच मदत चालू ठेवायची. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका खटल्यात आणखी एक निकाल दिला. देशात राहायचा परवाना नसलेल्या आईबापांच्या मुलांनाही सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही.

तिकडे सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणत नाही. कायद्याच्या कागदावर पीक येत नाही, ते सगळीकडे सारखेच. पण एक फरक पडला. मापाचा जाब विचारायचा हक्क आईबापांच्या हातात आला.

आता आपल्या रानाकडे

परमुलखात जायला दर वेळी समुद्र ओलांडावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची कोरडवाहू गावे ओस पडतात. कोयता घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथे गावची शाळा कानडी. खानदेशची कुटुंबे सुरतेला जाऊन राहिली. आणि काही मुले तर गाव न सोडताच परक्या भाषेच्या शाळेत बसतात. यवतमाळच्या कोलामाचे पोर घरी कोलामी बोलते, मेळघाटातले कोरकू, तांड्यावरचे गोरमाटी. पहिलीच्या वर्गात मराठीचे पुस्तक उघडले की त्या पोरासाठी ते सोलेदादचे इंग्रजीच.

फडावरून होळीच्या सुमाराला परत आलेले पोर चार-पाच महिन्यांच्या अभ्यासाला मुकलेले असते. त्याला वाचता येत नाही यात नवल काय? पण ‘डोक्याने कमी आहे’ हे तीन शब्द सहज उच्चारले जातात आणि चिकटून बसतात. उलट, जे पोर खरोखर कानाने अधू आहे, त्याची पाळी चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते त्या दिवशी ते पोर उसाच्या पाचटात खेळत असते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शक्य तिथवर शिकवणे मुलाच्या मातृभाषेत असावे, हेही त्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात आली. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बुद्धिमापनाचे म्हणाल, तर व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवून दिली, त्याला आता आठ दशके उलटून गेली. परका काटा जसाच्या तसा चालत नाही, हे आपल्याकडच्या विद्वानांना तेव्हाच कळले होते. मग मराठीत बसवलेला काटा कोलामाच्या पोराला जसाच्या तसा कसा लावता?

‘एवढ्या भाषांत तपासणी करायची तर माणसे कुठून आणायची?’ असा प्रश्न येईल. तो खोटा नाही. दर बोलीसाठी तज्ज्ञ मिळणार नाही. पण तांड्यावरची बारावी झालेली मुलगी दुभाषी म्हणून शेजारी बसू शकते. शब्दांवाचून, ठोकळ्यांनी आणि चित्रांनी करायच्या कसोट्या आहेत. आणि आईला चार प्रश्न विचारायला तर कुठलेच यंत्र लागत नाही. आम्ही मास्तरांनाही दोष देत नाही. एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात एकच मोजपट्टी दिली तर तो तीच लावणार. जाब विचारायचा तो मोजपट्टी देणाऱ्याला.

कुणी असेही म्हणेल की कापसाला भाव नाही, ज्वारी व्यापाऱ्याच्या दारात मातीमोल आणि तुम्ही शाळेच्या गोष्टी कसल्या काढता? भावांनो, ज्या कारणाने आपल्या घामाचे माप खोटे निघते, त्याच कारणाने पोराचे माप खोटे निघते. मोजणारा एकीकडे, मोजला जाणारा दुसरीकडे, आणि वही मोजणाऱ्याच्या हातात. भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्या माणसाने पोराच्या शिक्क्यापुढे मान तुकवावी, हे बरोबर नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो. त्यांवर बोला, पटल्या तर ठराव करा.

एक. गावात कुठल्याही मुलाला ‘मंद’ म्हणायच्या आधी त्याचे कान आणि डोळे तपासले पाहिजेत, आणि त्याची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत झाली पाहिजे.

दोन. तपासणीचा प्रत्येक कागद आईबापांना वाचून आणि समजावून दाखवल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. आपणही द्यायचा नाही.

तीन. स्थलांतरित मुलाला मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर त्याच्या तपासणीची आणि चालू मदतीची नोंद असावी. कोयता जिकडे जाईल तिकडे तो कागद पोराबरोबर जावा.

चार. फडावर गेलेल्या मुलांची आरोग्य तपासणी ती गावात परतल्यावर पुन्हा व्हावी. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाने त्या दिवसांत तांड्यावर, पोडावर यावे. पोराला तालुक्याला खेपा घालायला लावू नये.

आणि मेळाव्याहून घरी गेल्यावर एक काम करा. त्याला ठराव लागत नाही. शेजारचे एखादे पोर शाळेत गप्प बसते असे ऐकले असेल, तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जा, त्याच्या घरच्या भाषेत त्याला गोष्ट सांगायला सांगा आणि ती पुरी ऐकून घ्या.